बिनफ्यूजची तार

ज्यांनी मोट हाकली नाही त्यांना नाडा आणि सोल यांतला फरक सांगावा लागतो. मोटेला दोन दोर असायचे. नाडा जाड. भरलेल्या मोटेचं सगळं वजन विहिरीतून तोच ओढून आणायचा. सोल बारीक. मोटेची सोंड वर धरून ठेवायची आणि मोट थारोळ्यावर आली की पाणी सोडायचं, एवढंच तिचं काम. सोल तुटली तर पाणी सांडायचं, माणूस दोन शिव्या देऊन गाठ मारायचा आणि पुन्हा सुरू. नाडा तुटला तर मोट विहिरीत जायची आणि धावेवर उताराला जोर लावलेले बैल तोंडघशी पडायचे. माझे आजोबा बाकी कामांत आळशी होते असं आजीच सांगायची, पण नाड्यावरून रोज सकाळी हात फिरवायला ते कधी चुकले नाहीत. एक पेड उसवलेला हाताला लागला की त्या दिवशी मोट बंद.

आमच्या बोदवडकडच्या काळ्या रानातून मोटा गेल्या, ऑइल इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी आल्या. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. पण गाडीतसुद्धा नाडा आणि सोल असतात, हे कुणी फारसं ध्यानात घेत नाही. दिव्यांची, हॉर्नची, इंडिकेटरची वायर म्हणजे सोल. बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी जाड केबल आणि बॅटरीपासून इंजिनाच्या अंगाला जाणारी अर्थची केबल, हे दोन नाडे. गाडीत घातलेला पैसा, डिझेल, टायर सगळं या दोन दोरांवर लोंबकळत असतं. आणि आमचा शेतकरी टायर घेताना चार दुकानं फिरतो, टेप घेताना आवाज ऐकून घेतो. केबल मात्र 'दे कुठली बी, करंट तर जायचा हाये' म्हणून घेतो.

मला हे कळलं ते एका मिस्तरीमुळे. सगळं बोदवड त्यांना मिस्तरी म्हणायचं, मीही तेवढंच म्हणतो. आता ते नाहीत.

1987 साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरकारी लिलावातून निघालेली एक जुनी जीप दुसऱ्याच्या हातून घेतली. मूळची पेट्रोलची. पेट्रोल परवडायचं नाही म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं ठरलं. तेव्हा हा उद्योग गावोगाव चालायचा. इंजिन बसलं, गिअर जुळला, आणि अडलं ते बॅटरीपाशी. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते. तेवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायला सेल्फ मोठा लागतो आणि मोठ्या सेल्फला बॅटरीही मोठी. पेट्रोलच्या बॅटरीची जी परात बॉनेटखाली होती तिच्यात ही मोठी बॅटरी मावेना. परातही गंजून पापडासारखी झालेली. कुणीतरी सुचवलं, तिथंच तारेनं बांधून टाका. मिस्तरींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"रस्त्यानं बॅटरी उसळली अन् तिचं शिंग बॉनेटले लागलं, म्हंजे?" ते म्हणाले. "आण्णा, ही मागं न्या. डायवरच्या पाठीमागं, खालच्या अंगाले. लोखंडी चौकट करू, चेसीले बोल्ट मारू, वरतून रबर टाकू."

बॅटरी मागं गेली म्हणजे केबल लांब झाली. दोन फुटांचं काम दहा फुटांचं झालं. जाताना दहा आणि अर्थसाठी परत येताना दहा. इथंच खरा प्रश्न सुरू झाला.

अण्णांच्या डोक्यात उपाय तयार होता. विहिरीच्या मोटारीची तीनपदरी केबल घरात उरलेली होती. चांगली तांब्याची. तिचे तिन्ही पदर एकत्र पिळले की झाला नाडा, असं अण्णांचं गणित. "पाच हॉर्सपॉवरची मोटार वढते ही केबल," ते म्हणाले, "मंग एवढूसा सेल्फ नही फिरवाची का?"

मिस्तरी हसले नाहीत. मला म्हणाले, "भाऊ, तू दहावी हाये ना? मंग सांग."

मी 1976 ला दहावी झालो. विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम होता, तो पाठ करून मी मार्कही मिळवले होते. पण तो नियम आमच्या गोठ्यासमोर उभ्या जीपला लागू होतो हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. त्या दिवशी जमिनीवर काडीनं आकडे काढले. पाच हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 3700 वॅट. विहिरीवरच्या मोटारीला तीन फेजचे 400 च्या वर व्होल्ट मिळतात, म्हणून ती सात-आठ अँपियरमध्ये भागवते. जीपचा सेल्फ थंड डिझेल इंजिन फिरवताना जवळजवळ तेवढीच ताकद मागतो, पण बॅटरी देते बारा व्होल्ट. म्हणजे 300 अँपियर. पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. काम सारखंच, पण करंट चाळीसपट.

आता तारेचं. माझ्या नातवानं अलीकडे मोबाइलवर हिशेब करून दिला, तेव्हा मिस्तरींचा अंदाज किती नेमका होता ते कळलं. मोटारीच्या केबलीचा एकेक पदर चार चौरस मिलिमीटरचा. तिन्ही पिळले तर बारा. वीस फूट, म्हणजे सहा मीटर. 300 अँपियर जाताना त्या तारेतच अडीच व्होल्ट मुरतात. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दमून दहा-साडेदहावर आलेली असते, त्यातले अडीच वाटेतच गेले. सेल्फच्या वाट्याला आठ. तो 'घर्रर्र' करून थांबतो, आपण म्हणतो बॅटरी उतरली, आणि नव्या बॅटरीचे पैसे घालतो. तीच वाट पन्नास चौरस मिलिमीटरच्या केबलीनं केली तर पाऊण व्होल्टाच्या आत काम होतं. आमच्या भागात किती चांगल्या बॅटऱ्या नुसत्या बारीक तारेपायी भंगारात गेल्या असतील, देव जाणे.

मिस्तरींनी पन्नासचीच मागितली, तीही वेल्डिंगची केबल. "बॅटरीची म्हनून दुकानात भेटते ती नको. वेल्डिंगवाल्याची आन."

ती का, हे त्यांनी दाखवलं. वेल्डिंगची केबल दिवसभर लोखंडावरून, दगडावरून ओढली जाते, वळते, पायाखाली येते. म्हणून तिच्यात केसासारख्या बारीक तारा शेकड्यांनी असतात आणि वर जाड रबर. जाड, मोजक्या तारांची केबल हादऱ्यानं एकेक तार तुटून आतल्या आत झिजत जाते, आणि वरून सगळं साबूत दिसतं. जीप म्हणजे तर चालता हादराच. शिवाय आमचे तेव्हाचे रस्ते. शिरसाळ्याच्या मारुतीला शनिवारी जाऊन आलं की बॅटरीचे नट पुन्हा आवळावे लागत.

पण वेल्डिंगच्या केबलीतही फसवणूक आहे. ॲल्युमिनियमचीही येते, स्वस्त आणि हलकी. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण तांब्याइतका करंट न्यायला ते दीडपटीहून जाड लागतं. शिवाय बोल्टाखाली ते दबत जातं, सांधा ढिला पडतो, आणि ढिला सांधा तापतो. आम्ही भुसावळला गेलो. मिस्तरींनी दुकानदाराला विचारून केबलीच्या टोकाचं रबर सोललं, एक तार ओढली, अडकित्त्यासारख्या छोट्या चाकूनं खरवडली आणि उन्हात धरून पाहिली. लाल ती लालच निघाली. मग वीस फुटांचं वेटोळं हातात तोलून पाहिलं. बाजारात नवरीकडचं सोनं पाहावं तसं ते पाहत होते. दुकानदार कंटाळला. पैसे ऐकून अण्णाही कंटाळले. "एवढ्यात तर एक गोऱ्हा येईन," असं म्हणत त्यांनी कोपरीतून नोटा काढल्या, आणि ते वाक्य पुढं दोन वर्षं आम्हाला ऐकावं लागलं.

केबल आली म्हणजे काम झालं असं मला वाटलं. खरं काम पुढंच होतं.

टोकाला तांब्याचे थिंबल बसवायचे. मिस्तरींनी रबर थिंबलच्या नळीएवढंच सोललं, एकही बारीक तार तुटू दिली नाही. सगळ्या तारा नळीत गेल्या का ते वाकून पाहिलं. मग ऐरणीवर ठेवून नळी दोन जागी ठोकून दाबली. दाबल्यावर दोघांनी दोन्हीकडून ओढून पाहिलं. सरकली नाही, तेव्हा वरून कथिलाचं झाळण दिलं, तेही आत ओल जाऊ नये म्हणून. "नुसत्या झाळनावर भरोसा नको," ते म्हणाले. "सांधा तापला का झाळन पाझरते अन् तार हातात येते. धरते ते दाबानं. झाळन फक्त बुच हाये."

मग रस्ता. केबल कुठून न्यायची यावर त्यांनी अर्धा दिवस घातला. सायलेन्सरच्या बाजूनं नाही. डिझेलच्या नळीला बांधून तर मुळीच नाही. जिथं जिथं पत्र्याच्या भोकातून जायची तिथं तिथं भोकाला रबराची बुच्ची. तयार बुच्ची मिळेना, तर माझ्या तुटक्या स्लीपरचा अंगठा कापून तिची केली. अख्ख्या वाटेवर सायकलची जुनी ट्यूब चढवली. आता आमच्याकडे ठिबकची जुनी लॅटरल ढिगानं पडलेली असते. पोरं ती उभी चिरून केबलीवर चढवतात, तीही चालते, फक्त गरम जागेपासून लांब ठेवावी. दर वीतभर अंतरावर पट्टी मारून केबल चेसीला आवळली, आणि शेवटी सेल्फपाशी हातभर मोकळा झोल ठेवला.

"हा झोल काहून?" मी विचारलं.

"इंजन रबरावर बसेल हाये. सुरू होतानी ते हालते, चेसी हालत नही. ताठ बांधशीन तं रोज थोडी थोडी तुटीन."

अर्थचंही तेच. ट्रॅक्टरला वेगळी चेसी नसते, इंजिन-गिअरबॉक्स हीच त्याची पाठ. जीपचं इंजिन मात्र रबरावर. बॅटरीचा अर्थ नुसता चेसीला दिला आणि चेसीपासून इंजिनापर्यंतची पट्टी तुटलेली असली, तर करंट काही थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो. शेजारच्या गावात एका गाडीची ॲक्सिलेटरची तार सेल्फ मारला की लाल व्हायची. बिचारा माणूस तीनदा ॲक्सिलेटरची तार बदलून बसला होता. मिस्तरींनी एक हातभर अर्थची पट्टी टाकली आणि रोग गेला. आमच्या जीपला त्यांनी दुसरी केबलही पन्नासचीच, सरळ इंजिनापर्यंत नेली. इंजिनावरची जागा कानशीनं घासून पांढरी केली, बोल्ट आवळला, वर ग्रीस. "जानारा रस्ता डांबरी अन् येनारा पांदीचा, असं नही चालत," म्हणाले.

शेवटी ट्रकच्या भंगारातला एक कटऑफ स्विच अर्थच्या बाजूला बसवला. ड्रायव्हरचा डावा हात जाईल अशा ठिकाणी. अण्णांना हे थेर वाटलं. चावी आहे की गाडीला, मग हे आणखी कशाला?

मिस्तरींनी पाना खाली ठेवला. "आण्णा, चावीचा अन् ह्या तारीचा काही संबंध नही. तुम्ही चावी काढा, नही तं विहिरीत फेका. ही तार जित्तीच ऱ्हाते. अन् हिले फ्यूज नही."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा अर्थ समजला तो 1990 च्या जानेवारीत.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारच्या केंद्रावरच घालायचा. वेचणीच्या भरात बोदवडच्या जिनिंगांसमोर बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो यांच्या रांगा रस्त्यावर लांबवर जायच्या. दोन रात्री, कधी तीन रात्री रांगेतच. कापूस काट्यावर चढेपर्यंत तो शेतकऱ्याचा. पाऊस आला, जनावरानं खाल्ला, चोरीला गेला, सगळं त्याचंच. त्या रांगेत भाकरीही वाटली जायची, पंचायतीही व्हायच्या, सोयरिकीही जमायच्या. शेकोटी लावायची नाही असा दंडक होता आणि थंडी मरणाची. आम्ही पोती पांघरून बसायचो.

त्या रात्री आमची जीप ट्रॉलीसह रांगेत होती. पुढं एक जुना टेम्पो, आमच्याच बाजूच्या एका गावचा. कापूस चांदणीपर्यंत दाबून भरलेला, वर दोरखंड. टेम्पो एका शेतकऱ्याचा आणि कापूस दुसऱ्याचा. दोघं शेजारी, बांधाला बांध लागून. पहाटे तीनच्या सुमाराला रांग हलली. टेम्पोवाल्यानं सेल्फ मारला. गाडी दोन हात पुढं सरकली आणि बंद पडली. त्यानं पुन्हा सेल्फ मारला. आणि मला त्याच्या पायाखालून, पत्र्याच्या फटीतून, निळा प्रकाश दिसला. वेल्डिंगसारखा. एकदाच लख्ख.

काय झालं ते नंतर उघडं करून पाहिलं. बॅटरीची केबल पत्र्याच्या भोकातून आलेली होती आणि भोकाला बुच्ची नव्हती. किती वर्षं पत्र्याची कड तिला करवतीसारखी घासत होती कोण जाणे. त्या झटक्याला तांबं पत्र्याला टेकलं. भरलेली बॅटरी अशी थेट टेकली तर 300 नाही, हजाराच्या वर अँपियर सोडते. तारेवरचं प्लास्टिक तेलाच्या वातीसारखं पेटलं.

टेम्पोवाल्यानं पहिल्यांदा चावी काढली. कुणीही तेच करील. धूर वाढला. त्यानं चावी पुन्हा घातली, पुन्हा काढली. "काढली नं मी! काढली नं!" असं तो ओरडत होता, चावी हातात वर धरून, जणू कुणी त्याच्यावर आळ घेतलाय. बॅटरी सीटखाली, सीटला दोन नट, आणि पाना कुठं ते त्या धुरात सापडेना. मिस्तरींचं ते वाक्य मला त्या क्षणी आठवलं. मी मागच्या बैलगाडीवाल्याची कुऱ्हाड घेतली. सीट उचकटली. बॅटरीचं अर्थचं शिंग कोणतं हे पाहणं भाग होतं. जाड शिंग पॉझिटिव्ह, बारीक निगेटिव्ह. पॉझिटिव्ह तोडायला गेलो असतो आणि कुऱ्हाडीचं पातं पत्र्याला लागलं असतं, तर दुसरी ठिणगी माझ्या हातात पडली असती. अर्थची केबल ओढून बाजूला धरली आणि दोन घावांत तोडली. निळा प्रकाश गेला.

पण आग तोपर्यंत वर गेली होती. कापसाची आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, ती गवतासारखी भडकून मोकळी होत नाही. आत शिरते. वरून पाणी मारलं तर पाणी वरच्या वर ओघळतं आणि आत धग तशीच चालत राहते. दाबून भरलेला कापूस फोडून, खाली ओढून, पसरल्याशिवाय ती मरत नाही. माणसांनी आधी आजूबाजूच्या गाड्यांचे बैल सोडले. मग गाड्या हातांनी ढकलून मागं नेल्या. अण्णांनी जीपचा कटऑफ फिरवला आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती ट्रॉलीसकट उलटी लोटली. फाटकावरच्या हौदातून बादल्या आल्या. उजाडेपर्यंत आम्ही कापूस ओढून रस्त्यावर पसरत होतो. चौदा क्विंटलमधला जो थोडा पांढरा उरला त्यालाही धुराचा वास. तो काट्यावर कोण घेणार?

कापसाचा मालक रस्त्याच्या कडेला बसून होता. रडला नाही. कुणीतरी चहा आणून दिला तर तो म्हणाला, "वजन झालं असतं तं..." आणि गप्प झाला. काटा त्याच्यापासून सहा गाड्या पुढं होता. त्याचा अर्धा हंगाम त्या सहा गाड्यांच्या अंतरात जळाला. विमा कुणाचाच नव्हता. पुढं पंच बसले. टेम्पोवाल्याचं म्हणणं, माझी गाडीही जळाली, मी कुठून देऊ. मालकाचं म्हणणं, गाडी तुझी, तार तुझी. दोघांचंही खरं होतं. थोडेफार पैसे ठरले, थोडेफार मिळाले. त्या दोघांचा बांध अजून आहे, बोलणं नाही. पुढच्या पिढीतही नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्तरींच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागली. सगळ्यांना बुच्च्या हव्या होत्या. मिस्तरींनी गावातल्या तुटक्या स्लीपरा गोळा करायला पोरं पाठवली. बुच्चीचे त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, केबलीचे मात्र पै न् पै घेतले. अण्णा त्या दिवसानंतर गोऱ्ह्याचं वाक्य बोलले नाहीत.

आता एक गंमत सांगतो. माझ्या भाच्याचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिकडच्या जत्रेतला एक व्हिडिओ पाठवला. डिमॉलिशन डर्बी म्हणतात त्याला. चिखलाच्या मैदानात दहा-पंधरा जुन्या मोटारी सोडतात आणि ड्रायव्हर त्या मुद्दाम एकमेकींवर आदळतात. काचा आधीच काढून टाकलेल्या, दारं वेल्डिंगनं किंवा साखळीनं बंद केलेली. पुढचा रेडिएटर वाचावा म्हणून जास्त करून मागच्या अंगानं धडका देतात. शेवटी जी गाडी हलत राहील ती जिंकली. एडक्यांची टक्कर असते तशी, फक्त एडके भंगारातले. माझी बायको म्हणाली, "एवढ्या चांगल्या गाड्या फोडता, आपल्याले तरी देऊन द्या म्हना." माझंही सुरुवातीला तेच मत झालं.

मग मी त्याला विचारलं, बॅटरी कुठं ठेवतात रे? पोरगं हुशार, त्यानं तिथल्या एका खेळाडूच्या गाडीत वाकून फोटो काढून पाठवले. बॅटरी बॉनेटखाली नव्हती. पहिल्या धडकेत तिथं तिचा चुराच व्हायचा. ती आत आणलेली, शेजारच्या सीटच्या जागी खाली, लोखंडी चौकटीत, बोल्टनं जमिनीला आवळलेली, वरून रबर. तिथून निघालेली वेल्डिंगची केबल, बोटाएवढी जाड, तिच्यावर रबराची नळी, पत्र्याच्या भोकात बुच्ची, सेल्फपाशी झोल. अर्थ सरळ इंजिनाला. चावी नाहीच, एक दाबायचं बटण आणि हाताशी कटऑफ.

मी तो फोटो बराच वेळ पाहत बसलो. आमच्या जीपचाच फोटो काढून कुणी अमेरिकेत नेलाय असं वाटलं.

पोरानं विचारून सांगितलं की जाड केबलीचं कारण नुसती आग नाही. धडकांत इंजिन सारखं बंद पडतं. रेडिएटर फुटलेला, इंजिन लाल तापलेलं, तापलेल्या इंजिनाला फिरवायला सेल्फला जास्त ताकद लागते. आणि ठरलेल्या वेळात गाडी पुन्हा सुरू होऊन दुसऱ्या गाडीला धडकली नाही तर बाद. म्हणजे जो खेळच गाडी मोडायचा आहे, त्यात माणसं त्या दोन केबलींना एवढं जपतात. आम्ही भरलेल्या ट्रॉलीवर बायका-पोरं बसवून यात्रेला जातो आणि बॅटरी सुतळीनं बांधतो.

जीप 2004 साली भंगारात गेली. अण्णा त्याच्या आधीच गेले. केबली मी काढून घेतल्या. रबर कडक झालं होतं, पण सोलून पाहिलं तर आत तांबं लाल. त्यातली एक ट्रॅक्टरला लागली. मिस्तरी परीक्षा करायचे ती हातानं. सेल्फ मारायचे आणि लगेच केबलीवरून, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवत जायचे. जिथं गरम लागेल तिथं चोर. मी आता मीटर वापरतो. एक टोक बॅटरीच्या शिंगावर, दुसरं सेल्फच्या बोल्टावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टाच्या वर काटा गेला की सांधे उघडायचे. बहुतेक वेळा शिंगावर पांढरा-हिरवा बुरा धरलेला असतो. खायच्या सोड्याचं गरम पाणी ओतलं की तो फसफसून निघतो, मग पुसून, आवळून, वर व्हॅसलीन. मात्र काढताना अर्थ आधी आणि लावताना अर्थ शेवटी, एवढं मी पोरांकडून पाठ करून घेतो. अर्थ सुटलेला असला की पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. आणि बॅटरी चार्ज होत असताना तोंडाशी विडी नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच पाहत असतो.

गेल्या पोळ्याच्या आधी गल्लीतला एक पोरगा त्याच्या ट्रॅक्टरसाठी नवी केबल घेऊन आला. लालभडक, जाड, वर आकडे छापलेले. "काका, मोबाइलवरून मांगवली. अर्ध्या पैशात." मी हातात घेतली तर वजनच लागेना. एक तार ओढली, चाकूनं खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं. त्याचा चेहरा उतरला. मी कोठीतून जीपच्या केबलीचं उरलेलं वेटोळं काढलं. त्यात अजून चार फूट शिल्लक आहे. पोरगा सगळंच मागायला लागला. त्याच्या अर्थला सव्वा फूट लागते हे मी मोजून पाहिलं, आणि सव्वा फूटच कापून दिली.